तीन महिन्यांत ३९ वरून १०९: कोलेस्टेरॉलच्या इंजेक्शनचं एक प्रकरण

रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे धमन्यांत साठणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १०९ होतं. तीन महिन्यांपूर्वी याच बाईंचं, याच प्रयोगशाळेतून, ३९ आलं होतं. मधल्या काळात त्या दर दोन आठवड्यांनी इव्होलोक्युमॅबचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने घेत होत्या. मी कागदावरचं नाव तपासलं, वय तपासलं, रक्त घेतल्याची तारीख पाहिली. सगळं बरोबर होतं. मग मनात पहिला विचार आला तो हा, की इंजेक्शन लागू पडेनासं झालं. तो विचार चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे कळायला मला अडीच आठवडे लागले. हे प्रकरण लिहून काढतेय ते त्या अडीच आठवड्यांसाठी. कोलेस्टेरॉल उतरवणारी इंजेक्शनं आता बरेच डॉक्टर लिहून देतात, आणि माझ्या हातून जी चूक झाली ती कुणाच्याही हातून सहज होईल अशी आहे. बाईंची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. एलडीएलचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये आहेत.

टाचेमागचं दुखणं

बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, एक स्टेंट बसला होता. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू कधी नाही. वडील ४७ व्या वर्षी हृदयविकाराने गेलेले.

तक्रार एकच: "गोळीने पाय दुखतात, डॉक्टर." गोळी म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन कुळातली, ८० मिलिग्रॅम. पाय दुखले की त्या चार दिवस गोळी सोडत, बरं वाटलं की पुन्हा सुरू करत. अशा घेतल्या-सोडल्या गोळीवर एलडीएल १६८ होतं.

स्टॅटिनने स्नायू दुखतात असं सांगणारे रुग्ण रोज भेटतात. त्यातल्या काहींना खरोखर गोळीचाच त्रास असतो, पुष्कळांना नसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सॅमसन नावाच्या चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने कुठलीच गोळी नाही, असं आलटून पालटून ठेवलं. स्टॅटिनवर जो त्रास नोंदला गेला त्याचा ९० टक्के औषध नसलेल्या गोळीवरही नोंदला गेला. त्या माणसांना दुखत नव्हतं असा याचा अर्थ नाही. दुखत होतं, कारण मात्र गोळीतलं औषध नव्हतं. हे रुग्णाला सांगताना फार जपावं लागतं. 'तुमच्या मनाचे खेळ' असं एकदा ऐकलं की माणूस पुन्हा खरं सांगत नाही.

म्हणून मी त्यांना एवढंच म्हटलं, की कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा. पोटऱ्यांवर हात फिरवून त्या खाली वाकल्या आणि त्यांनी टाचेच्या वरची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी जाड दोरी, चिमटीत धरली. दोन्ही पायांची ती शीर बोटाएवढी जाड होती आणि तिच्यावर हाताला लागतील अशा टणक गाठी होत्या.

"हे कधीपासून?"

"कॉलेजात असल्यापासून. चप्पल लागते म्हणून असेल असं वाटायचं."

म्हणजे गोळीच्या आधी वीसेक वर्षं. मी त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. बुबुळाच्या कडेने फिकट राखाडी कडं दिसत होतं. साठीपुढच्या माणसात त्याला फारसं महत्त्व नसतं, पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर असतं. पिशवीतल्या जुन्या कागदांत नऊ वर्षांपूर्वीचा एक तपासणी अहवाल निघाला. तेव्हा कुठलंही औषध चालू नव्हतं आणि एलडीएल होतं २६२. खाली कुणीतरी 'पथ्य पाळा' असं लिहिलं होतं. पथ्याने हा आकडा थोडा हलतो, पण २६२ चे शंभर होत नाहीत. त्या दिवशी कुणी टाचा पाहिल्या असत्या तर पुढचा झटका बहुधा टळला असता. हे वाटून मला आजही वाईट वाटतं.

कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच. आई किंवा वडिलांकडून एक सदोष जनुक येतो आणि रक्तातलं एलडीएल जन्मापासून चढं राहतं. टाचेवरच्या गाठी आणि बुबुळाचं कडं म्हणजे तेच साठलेलं कोलेस्टेरॉल. सुमारे अडीचशे-तीनशे माणसांत एक, इतका हा आजार सर्रास आहे, तरी बहुतेकांना तो असल्याचं माहीतच नसतं. निदानासाठी डच गुणपद्धत वापरतात. आठच्या वर गुण झाले तर निदान पक्कं. वडिलांच्या कमी वयातल्या हृदयविकाराचा एक गुण, स्वतःच्या झटक्याचे दोन, टाचेच्या गाठींचे सहा, २६२ या आकड्याचे पाच. चौदा झाले. पुढे जनुकतपासणीतही एलडीएल रिसेप्टरच्या जनुकातला दोष सापडला.

गोळ्यांचा हिशेब

ॲटोरव्हास्टॅटिन बंद करून रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू केलं. स्नायूंचं एन्झाइम आणि थायरॉइड तपासून घेतलं, दोन्ही ठीक होतं. टाचेचं दुखणं गोळीचं नाही हे पटल्यावर बाई रोज गोळी घेऊ लागल्या. सहा आठवड्यांनी एलडीएल १२८. त्यात इझेटिमिब १० मिलिग्रॅम या कोलेस्टेरॉलच्या दुसऱ्या गोळीची भर घातल्यावर १०१.

२६२ वरून १०१ ही काही लहान उतरण नव्हे. पण ज्याला झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली ठरवलेलं लक्ष्य ५५ च्या खाली आहे, आणि माझ्या मते एफएचमध्ये तर ते अधिकच काटेकोरपणे पाळायला हवं. या बाईंच्या धमन्यांनी पहिल्या दिवसापासून चाळीस-बेचाळीस वर्षं तो भार सोसला होता.

५५ पर्यंत जायचं कसं? स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम सहा टक्क्यांनी आणखी उतरतं. म्हणजे रोसुव्हास्टॅटिन ४० केलं असतं तर १०१ चे ९५ झाले असते. बेम्पेडोइक ॲसिडची गोळी जोडली असती तर ऐंशीच्या घरात. गोळ्यांनी हे अंतर तुटणार नव्हतं. इंजेक्शनचा विषय निघाला तो इथे.

इंजेक्शन नेमकं काय करतं, हे मी त्यांना कागदावर चित्र काढून सांगितलं. पुढच्या घोटाळ्याचं मूळ या चित्रात मी जे सांगितलं नाही त्यात आहे, म्हणून ते इथे नीट देते.

यकृताच्या पेशींवर रिसेप्टर नावाचे आकडे, म्हणजे हूक, असतात. रक्तातला एलडीएलचा कण या आकड्यात अडकतो, आकडा त्याला घेऊन पेशीत जातो, कण आत सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. एकच आकडा अशा शेकडो खेपा करू शकतो. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे उलगडलं आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. एफएचमध्ये या आकड्यांपैकी साधारण निम्मे कामाचे नसतात.

पीसीएसके९ हे प्रथिन रक्तात फिरत असतं. ते आकड्याला चिकटलं की आकडा पेशीत गेल्यावर परत वर येत नाही, आतच नष्ट होतो. २००३ साली नबील सैदा आणि कॅथरीन बॉइलो यांच्या गटांनी फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या प्रथिनाचा जनुक वाजवीपेक्षा जोरात काम करत असल्याचं दाखवलं. त्या कुटुंबांत कोलेस्टेरॉल प्रचंड आणि हृदयविकार लवकर. मग डॅलसमध्ये हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटी बाजू शोधली: हा जनुक ज्यांच्यात बिघडलेला आहे, म्हणजे ज्यांच्यात पीसीएसके९ कमी बनतं, ती माणसं. २००६ साली त्यांनी मांडलं, की अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांत एलडीएल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयधमन्यांचा आजार ८८ टक्क्यांनी कमी होता. एका धडधाकट तरुण बाईच्या रक्तात पीसीएसके९ अजिबात नव्हतं, तिचं एलडीएल होतं १४. एका जनुकाच्या शोधापासून बारा वर्षांत औषध हाती यावं, असं वैद्यकात क्वचितच घडतं. २०१५ साली अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब या दोन्हींना मान्यता मिळाली. ही दोन्ही प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत. रक्तातल्या पीसीएसके९ ला ती धरून ठेवतात, आकडे वाचतात, एलडीएल साठ टक्क्यांच्या आसपास उतरतं. प्रतिपिंड हे प्रथिन असल्यामुळे गिळलं तर पोटात पचून जाईल. म्हणून सुई.

इन्क्लिसिरॅनचाही पर्याय होता. ते पीसीएसके९ ला पकडत बसत नाही. यकृताच्या पेशीत शिरून ते बनवण्याचा निरोपच खोडून टाकतं, त्यामुळे पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं आणि मग वर्षातून दोनच पुरतात. एलडीएल त्याने निम्म्यावर येतं. विसरभोळ्या माणसाला ते सोयीचं. पण झटके किती टळतात हे दाखवणाऱ्या त्याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल मी हा निर्णय घेत होते तेव्हा आले नव्हते, प्रतिपिंडांचे आले होते. २०१७ च्या फूरिए चाचणीत २७,५६४ रुग्ण होते, सगळे आधीच स्टॅटिनवर. इव्होलोक्युमॅबने त्यांचं एलडीएल ९२ वरून ३० वर आलं. सव्वादोन वर्षांच्या आत हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना ११.३ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर आल्या. मृत्यू मात्र त्या अवधीत कमी झालेले दिसले नाहीत. मी हे सगळं बाईंना जसंच्या तसं सांगितलं. औषधाचा फायदा फुगवून सांगितला की पुढे रुग्णाचा विश्वास जातो.

त्यांनी दोन आठवड्यांचं इंजेक्शन निवडलं.

पहिलं इंजेक्शन माझ्यासमोर घेतलं. हे इंजेक्शन औषध भरलेल्या पेनमध्ये येतं. पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, कारण गार औषध झोंबतं. हलवायचं नाही, गरम पाण्यात धरायचं नाही. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर, किंवा मांडीवर, दर वेळी जागा बदलून. कातडीवर घट्ट दाबून बटण दाबायचं आणि पेनवरची खिडकी पूर्ण पिवळी होईपर्यंत, पंधराएक सेकंद, उचलायचं नाही. त्या हळूहळू आकडे मोजत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "एवढंच? मी रात्रभर झोपले नाही."

सहा आठवड्यांनी एलडीएल ३९. त्याच रक्तातून लिपोप्रोटीन-ए, रक्तातला कोलेस्टेरॉलचा आणखी एक कण, पण पाहिलं. इंजेक्शनाआधी ते ८६ होतं, आता ६२. हा आकडा लक्षात ठेवा. मी तेव्हा फाइलमध्ये टाचून विसरले होते.

रिपोर्ट आल्या दिवशी आमच्याकडून त्यांना निरोप गेला: 'एलडीएल ३९. लक्ष्य गाठलं आहे. इंजेक्शन असंच चालू ठेवा.' निरोपाचा मजकूर माझाच होता.

एकाच आकड्याची दोन कारणं

आता १०९ कडे येऊ.

मी त्यांना फोन करून विचारलं, "औषध नीट चालू आहे ना?"

"हो डॉक्टर. एकही चुकवलं नाही. कॅलेंडरवर खुणा आहेत."

इथे माझा विचार एका वाटेने धावत सुटला. इंजेक्शन चुकत नाही आणि एलडीएल चढलं, तर औषध शरीरात पोचत नाही किंवा शरीर त्याला निकामी करतंय. दुसऱ्या शंकेला इतिहास आहे. याच कुळातलं बोकोसिझुमॅब नावाचं औषध होतं. सुरुवातीला एलडीएल झकास उतरायचं आणि काही महिन्यांत पुष्कळांचं पुन्हा चढायचं, कारण रुग्णांच्या शरीरात त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार होत. त्याच्या रेणूत थोडा उंदराचा अंश उरलेला होता. २०१६ साली कंपनीने ते सोडून दिलं. इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब पूर्ण मानवी आहेत, त्यांच्याबाबत असं होणं अगदी दुर्मीळ. पण ३९ चे १०९ झालेले समोर असताना दुर्मीळ गोष्टच आधी आठवते.

मी त्यांना बोलावून घेतलं. पेन कसं धरता ते दाखवा म्हटलं; नमुन्याच्या पेनवर त्यांनी बिनचूक करून दाखवलं. फ्रिज कधी बंद पडला होता का? नाही. पेन बर्फाच्या कप्प्यात? नाही. वापरलेली पेनं त्यांनी टणक डब्यात साठवली होती, ती आणायला सांगितली. मोजली, बरोबर भरली, प्रत्येकाची खिडकी पिवळी. थायरॉइड कमी झालं तरी एलडीएल चढतं, तेही पाहिलं, ठीक होतं. लघवीतून प्रथिनं जात नव्हती. रक्त पुढच्या इंजेक्शनाच्या आदल्या दिवशी दिलं होतं, त्या वेळी परिणाम थोडा ओसरलेला असतो. पण तो थोडाच, सत्तर आकड्यांचा नव्हे.

या सगळ्यात दोन आठवडे गेले. मी पुन्हा रक्त तपासायला दिलं आणि या वेळी सवयीने लिपोप्रोटीन-ए पण लिहिलं. एलडीएल १०७ आलं, म्हणजे पहिला रिपोर्ट चुकलेला नव्हता. लिपोप्रोटीन-ए आलं ६४.

त्या ६४ पाशी मी थांबले.

लिपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच एक कण आहे, शेपूट असलेला. त्याची पातळी जनुकांनी ठरते. स्टॅटिनने ती उतरत नाही, इझेटिमिबनेही नाही. पीसीएसके९ ची प्रतिपिंडं मात्र ती पाव हिश्शाने किंवा थोडी जास्तच उतरवतात. बाईंची पातळी इंजेक्शनाआधी ८६ होती, इंजेक्शनावर ६२ झाली आणि एलडीएल चढल्यावरही ती ६४ च होती. इंजेक्शन निकामी झालं असतं तर ती परत पंच्याऐंशीच्या आसपास गेली असती. म्हणजे इंजेक्शन काम करत होतं.

मग मी कागद घेतला आणि जो हिशेब पहिल्याच दिवशी करायला हवा होता तो केला. गोळ्या चालू आणि इंजेक्शन निकामी असेल तर एलडीएल किती यावं? १०१ च्या आसपास, इंजेक्शनाआधी होतं तेवढं. आणि इंजेक्शन चालू, गोळ्या बंद असतील तर? २६२ मधून इंजेक्शनाचे अठ्ठावन्न-एक टक्के वजा केले तर ११०. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच आकड्याशी येऊन मिळत होत्या. १०९ कुठल्या वाटेने आलं हे एलडीएल स्वतः सांगूच शकत नव्हतं. मी त्यातली एकच वाट धरून दोन आठवडे चालत राहिले होते.

काल रात्री काय काय घेतलंत

फोन न करता मी त्यांना पुन्हा बोलावलं. "काल रात्री झोपताना कुठल्या कुठल्या गोळ्या घेतल्यात, एकेक सांगा."

त्यांनी बोटं मोजली. रक्त पातळ करणाऱ्या दोन, नाडीची एक. मग थांबल्या.

"आणि कोलेस्टेरॉलची?"

"ती तर इंजेक्शनवर नेलीत ना तुम्ही?"

मी काही क्षण बोलले नाही. मी विचारलं होतं, 'औषध नीट चालू आहे ना?' आणि त्यांच्यासाठी औषध म्हणजे इंजेक्शन. त्यांनी दिलेलं उत्तर शंभर टक्के खरं होतं. मी पाठवलेल्या निरोपात गोळ्यांचा उल्लेख नव्हता. मी काढलेल्या चित्रात आकडे होते, पीसीएसके९ होतं, इंजेक्शन होतं. स्टॅटिन त्या चित्रात कुठे बसतं हे मी दाखवलंच नव्हतं. बाईंनी जे ऐकलं त्यातून काढायचा तोच अर्थ काढला होता.

निर्णय मात्र एका दिवसात झाला नव्हता. ३९ चा रिपोर्ट घरात सगळ्यांनी पाहिला. त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, "इतकं खाली बरं असतं का? मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो म्हणतात." त्या रात्री बाईंना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी ठरवलं, इंजेक्शन डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलंय, ते ठेवते; गोळ्या सोडते, म्हणजे फार खाली जाणार नाही. पायही कमी दुखतील.

जाऊबाईंनी काळजीपोटी विचारलेला हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, त्यामुळे उत्तर नीट देते. मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असतं हे खरं. पण मेंदू ते स्वतः बनवतो. रक्तातले एलडीएलचे कण मेंदूच्या संरक्षक पडद्यातून आत जात नाहीत, त्यामुळे रक्तातला आकडा उतरला म्हणून मेंदूचा साठा उतरत नाही. नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तात एलडीएल तीसच्या आसपास असतं, आणि त्याच काळात मेंदू सगळ्यात वेगाने वाढत असतो. फूरिएमधल्याच रुग्णांचा एक गट घेऊन एबिंगहाउस नावाची चाचणी झाली. स्मरणशक्ती, नियोजनाची क्षमता, प्रतिसादाचा वेग, सगळं मोजलं. औषधाचं इंजेक्शन घेणारे आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणारे यांत फरक सापडला नाही, एलडीएल २५ च्या खाली गेलेल्यांतही नाही. हे मी बाईंना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, ३९ चा रिपोर्ट हातात पडण्याआधी. भीती बसल्यावर दिलेली माहिती समजुतीसारखी वाटते.

मग मी चित्र पुन्हा काढलं, या वेळी पूर्ण. स्टॅटिन पेशीला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू देत नाही, म्हणून पेशी बाहेरून ओढून घेण्यासाठी जास्त आकडे उभारते. पण ज्या इशाऱ्याने आकडे वाढतात त्याच इशाऱ्याने पीसीएसके९ पण वाढतं. म्हणजे स्टॅटिन एका हाताने आकडे देतं आणि दुसऱ्या हाताने त्यातले काही काढून घेतं. इंजेक्शन तो दुसरा हात धरून ठेवतं. म्हणून दोन्ही एकत्र असली की हिशेब असा होतो: २६२ चे स्टॅटिनने निम्मे, त्यातून इझेटिमिबने पाचवा हिस्सा कमी, उरलेल्यातून इंजेक्शनने साठ टक्के कमी. तेव्हा कुठे चाळिशी गाठली जाते. कुठलीही एक पायरी काढली तर खालचा सगळा जिना वर सरकतो.

बाईंनी ते चित्र मागून घेतलं. जाताना मी विचारलं, "गोळ्या सोडल्यापासून पाय दुखायचे थांबले का?"

त्यांनी विचार केला. "टाचा तशाच आहेत. पोटऱ्यांकडे मी लक्षच दिलं नाही या तीन महिन्यांत."

रोसुव्हास्टॅटिन आणि इझेटिमिब पुन्हा सुरू. दोन्ही एकाच गोळीत असलेली लिहून दिली, म्हणजे मोजायला एक कमी. सहा आठवड्यांनी एलडीएल ४१.

आमच्याकडे काय बदललं

रिपोर्टसोबत जाणारा निरोप आता मी एका ओळीचा लिहीत नाही. त्यात प्रत्येक औषधाचं नाव असतं, आणि आकडा चांगला आहे तो या सगळ्यांमुळे, असं एक वाक्य असतं. 'औषध चालू आहे ना' हा प्रश्न मी विचारत नाही, 'काल काय काय घेतलंत' असं विचारते. इंजेक्शन सुरू करण्याआधी लिपोप्रोटीन-ए एकदा तपासून ठेवते. ते एरवीही आयुष्यात एकदा तरी बघावं, कारण त्यातून धोका कळतो. पण या प्रकरणात त्याने साक्षीदाराचं काम केलं. प्रत्येक वेळी ते इतकं स्वच्छ बोलेलच असं नाही, प्रयोगशाळेप्रमाणे त्यात दहा-पंधरा टक्के फरक पडू शकतो. म्हणून ते एकाच ठिकाणी तपासावं. आणि फाइलच्या पहिल्या पानावर आता एक आकडा मोठ्या अक्षरात असतो: औषधाविना असलेलं एलडीएल. तो नसेल तर पुढचा कुठलाच हिशेब मांडता येत नाही.

भाऊ आणि मुलगी

एफएच एकाला सापडला की सख्ख्या नात्यात प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. बाईंना मी हे पहिल्या भेटीत सांगितलं होतं, त्यांनी घरी सांगितलंही होतं, आणि तपासणी कुणी केली नव्हती. झटका आलेल्या माणसाच्या घरात सगळ्यांचं लक्ष त्या एका माणसावर असतं. चित्र घेऊन गेल्यानंतरच्या महिन्यात त्या ३८ वर्षांच्या धाकट्या भावाला आणि १२ वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन आल्या.

भावाचं एलडीएल २४१ निघालं. मी त्याला मोजे काढायला सांगितले. उजव्या टाचेमागे वाटाण्याएवढी गाठ होती, डाव्या बाजूला शीर नुसती जाड. तो म्हणाला, धावताना कधीतरी दुखतं. त्याच दिवशी स्टॅटिन सुरू केलं आणि हृदयाची तपासणी लिहून दिली. इंजेक्शनाची गरज त्याला पडेल की नाही हे गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसल्यावर ठरेल.

मुलीचं १७८. एफएच असलेल्या मुलांना आठ ते दहा वर्षांपासून स्टॅटिन देता येतं आणि द्यावं, कारण नुकसान वर्षं आणि आकडा यांच्या गुणाकाराने साठत जातं. आईला हे ऐकताना रडू आलं. मुलगी मात्र माझ्या टेबलावरचं नमुन्याचं पेन हातात घेऊन बघत होती. "हे मला पण टोचावं लागणार?"

"आत्ता नाही. आत्ता रोज एक छोटी गोळी."

"आणि ती बंद कधी करायची?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात तिची आई डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."